रेवडीचं रक्त

१

रेवडी गेली तेव्हा डॉ. शेफाली पानसे घरी जेवत होती. पुण्यातल्या बाकी दुकानांसारखाच धायरीतला तिचा जनावरांचा दवाखानाही दुपारी बंद असे. चारला येऊन तिने शटर वर केलं, तर पायरीशी अभिनव गावंडे उभा होता. समोरच्या सोसायटीत राहणारा, हिंजवडीला संगणकाच्या कंपनीत नोकरी करणारा, एरवी कधी आवाज न चढवणारा माणूस.

"आमची रेवडी गेली," तो म्हणाला. "गाडीतच. पोट फुगलं होतं, हिरड्या पांढऱ्याफटक. कालच तुम्ही तिचं ऑपरेशन केलं होतं."

शेफालीच्या हातातली कुलुपाची किल्ली तशीच राहिली. रेवडी म्हणजे पांढरीशुभ्र पॉमेरेनियन, वजन जेमतेम तीन किलो. पिल्लं होऊ नयेत म्हणून गर्भाशय काढायचं नेहमीचं ऑपरेशन. असली ऑपरेशनं शेफालीने शेकड्यांनी केली होती. काल संध्याकाळी रेवडी शेपूट हलवत घरी गेली होती.

"मला फोन का नाही केला?"

"केला. दवाखान्यातला वाजत राहिला. मग स्वारगेटला डॉ. विश्वजीतांकडे नेली. त्यांनी पोटात सुई घालून बघितलं, नुसतं रक्त. म्हणाले, आतली गाठ सुटली असणार. म्हणजे तुम्ही टाका नीट बांधला नव्हता." तो जरा थांबला. "मी पशुवैद्यक कौन्सिलकडे तक्रार करतोय. रेवडीला त्यांच्याकडेच फ्रीजमध्ये ठेवलंय, पुरावा म्हणून. माझ्या बायकोने कालपासून सुट्टी घेतली होती तिच्यासाठी. नेमकी आज तासाभरासाठी बाहेर पडली."

तो गेला. संध्याकाळपर्यंत बातमी सोसायटीभर झाली आणि दिवेलागणीला आप्पासाहेब स्वतः आले. आप्पासाहेब मूळचे धायरीचे जमीनवाले. त्यांच्या ज्वारीच्या रानात ती सोसायटी उभी राहिली होती, तिचे चेअरमन तेच, आणि शेफालीच्या गाळ्याचे मालकही तेच.

"डॉक्टरीनबाई, राग मानू नका," ते दारातूनच म्हणाले. "पन म्हैनाअखेर गाळा मोकळा करा. बारकी कुत्री हितं वाचत न्हाईत, असं लोक म्हनाय लागल्यात. मला समद्यांचं ऐकावं लागतंय."

ते गेल्यावर शेफाली ऑपरेशनच्या टेबलाशी जाऊन बसली. तिने डोळे मिटून कालचं सगळं पुन्हा आठवलं. प्रत्येक गाठ. प्रत्येक टाका. गाठी पक्क्या होत्या, याबद्दल ती शपथ घ्यायला तयार होती. पण एक गोष्ट तिला आत्ता, पहिल्यांदाच, खटकली. कातडीला काप दिला तेव्हा कडेने रक्त झिरपत राहिलं होतं. नेहमीपेक्षा जास्त वेळ. तिने कापसाची घडी दाबून धरली, रक्त थांबलं, आणि ती ते विसरून गेली होती.

२

नारायण पेठेत एका बुकबाइंडरच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर प्रेमला जगताप राहत. पशुवैद्यकीय कॉलेजात त्यांनी उभी हयात मेलेली जनावरं उघडून ती का मेली हे पोरांना शिकवण्यात घालवली होती. निवृत्त झाल्यावरही जुने विद्यार्थी अडले की तो जिना चढत.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेफाली गेली तेव्हा त्या मटार सोलत बसल्या होत्या. "बस," शेफालीला त्या म्हणाल्या. "रडायचं असेल तर आधी रडून घे, मग बोल. दोन्ही एकदम केलं की मला काही कळत नाही."

शेफाली रडली नाही. तिने सगळं क्रमाने सांगितलं. प्रेमलाबाईंनी मध्ये एकदाच तोंड उघडलं.

"विश्वजीतने पोट उघडलं होतं?"

"नाही. सुईनेच रक्त काढलं."

"म्हणजे घरात पाणी साचलेलं दिसलं, आणि नळ कुणी उघडा टाकला तेही त्याला बाहेरूनच कळलं. हुशार आहे. माझ्या पेपरात कसाबसा पास झाला होता." त्यांनी शेंगेचं साल टोपलीत टाकलं. "आणि बारकी कुत्री वाचत नाहीत, ही काय भानगड?"

"गेल्या हिवाळ्यात एका डॅशहुंडचे टाके उसवले होते. चाटू नये म्हणून गळ्यात प्लास्टिकची कॉलर घातली होती. घरात बारसं होतं. फोटोत बरी दिसत नाही म्हणून त्यांनी कॉलर काढली."

"जगलं ते?"

"ठणठणीत आहे."

"म्हणजे एक फोटोपायी आणि दुसरी कशापायी ते अजून माहीत नाही. लोकांनी दोन्ही एकाच दोऱ्यात ओवलं." त्यांनी चष्म्यावरून शेफालीकडे पाहिलं. "तू काहीतरी गिळून बसली आहेस. सांग."

शेफालीने झिरपणाऱ्या रक्ताचं सांगितलं. तिला वाटलं होतं, मॅडम आता रागावतील. मॅडमनी मटाराची टोपली बाजूला सारली आणि त्या उठून चपला शोधायला लागल्या.

"कुठे निघालात?"

"स्वारगेटला. गाठ सुटली असती तर काप देताना रक्त कशाला झिरपेल? तेव्हा तर एकही गाठ मारलेली नव्हती."

३

विश्वजीतचं हॉस्पिटल मोठं होतं. काचेची दारं, वातानुकूलित खोल्या, मासे पोहणारी काचेची टाकी. मॅडमना पाहून तो खुर्चीतून उठलाच.

"मॅडम, तुम्ही? आधी फोन केला असतात तर..."

"तर तू बाहेरगावी गेला असतास. ती कुत्री काढ. अभिनव गावंड्यांना विचारून घे, मी थांबते."

अभिनवने फोनवर कुरकुर केली, पण नाही म्हणाला नाही. रेवडीला टेबलावर ठेवलं तेव्हा शेफालीला तिच्याकडे बघवेना. कानाला अजून लाल रिबन तशीच होती. प्रेमलाबाईंनी ती हळूच सोडवून बाजूला ठेवली, मग हातमोजे चढवले.

पोट उघडल्यावर आतलं रक्त त्यांनी बाजूला केलं. पाण्यासारखं पातळ होतं. मग चिमट्याने त्या एकेक गाठ दाखवत गेल्या. डावी. उजवी. खालची. तिन्ही जागच्या जागी.

"विश्वजीत, ओढून बघ."

त्याने ओढलं. जोर लावून ओढलं. गाठ हलली नाही.

प्रेमलाबाईंनी आता पुढच्या पायावरची कातडी सोडवली, जिथे भुलीची सुई टोचली होती. खाली पायभर पसरलेला काळानिळा डाग. मग त्यांनी खांदा पाहिला, जबड्याखाली पाहिलं, छाती उघडली. सगळीकडे रक्त साचलेलं.

"खांद्याला हिने काप दिला होता?" त्यांनी विश्वजीतला विचारलं.

"नाही."

"मग तिथे रक्त कसं?"

विश्वजीतचा चेहरा उतरला होता, पण तो पळवाट शोधणाऱ्यांतला नव्हता. "रक्त गोठतच नव्हतं," तो म्हणाला. "गोचीड ताप?"

"त्यात टाचणीच्या डोक्याएवढे टिपके दिसतात. हे चट्टे आहेत. उंदराच्या औषधाने असं होतं, किंवा त्याच जातीच्या दुसऱ्या कशाने. रोज थोडं थोडं पोटात गेलं की रक्ताची गोठायची ताकद जाते. मोठ्या कुत्र्याने कदाचित निभावलं असतं. हा तीन किलोचा जीव." त्यांनी हातमोजे काढले. "हिच्या ऑपरेशनने ही मेली नाही. हिला कुणीतरी विष खाऊ घालत होतं."

शेफाली भिंतीला टेकली. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण ती बाजूला ठेवलेल्या लाल रिबनकडे बघत राहिली. त्या निघाल्या तेव्हा विश्वजीत दारापर्यंत आला आणि घुटमळला.

"शेफाली, एक सांगायला हवं. तुझ्या गाळ्यासाठी आप्पासाहेबांनी मला विचारलं होतं. इथली शाखा तिथे काढता का म्हणून."

"कधी?"

"रेवडीचं ऑपरेशन व्हायच्या आधी," तो म्हणाला.

४

आप्पासाहेबांचा बंगला सोसायटीच्या मागेच होता. पुढे संगमरवरी पायऱ्या आणि मागच्या अंगाला अजून दोन म्हशी. ते अंगणात खुर्ची टाकून बसले होते. प्रेमलाबाईंनी काही आडपडदा न ठेवता विचारलं, तसे ते हसले.

"इचारलं की. कशाला खोटं बोलू. मोठा दवाखाना आला तर सोसायटीला बरं दिसंल, असं पोरगं म्हनलं. पन त्या डॉक्टरनं अजून हो म्हनलं न्हाई. आन त्यापायी मी मुक्या जनावराला इख घालीन व्हय?"

"उंदराचं औषध ठेवता ना तुम्ही?"

"ठिवतो. खाली पार्किंगात. उंदरांनी वायरी कुरतडून लिफ्ट बंद पाडली हुती." त्यांनी गड्याला हाक मारून एक डबी मागवली. आत निळ्याजर्द वड्या होत्या. प्रेमलाबाईंनी एक वडी कागदावर घासली. कागदावर निळी रेघ उमटली.

"हिच्या आतड्यात असला रंग कुठे दिसला नाही," त्या शेफालीला म्हणाल्या.

"दिसंल कसा?" आप्पासाहेब म्हणाले. "ती खाली यायचीच न्हाई. मागं माजावर आली तवा आमचं कुत्रं, टायगर, त्या जिन्यात ठाण मांडून बसला. तवापासनं गावंड्यांच्या सूनबाईनं तिला खाली आननं बंद केलं. वर गच्चीत फिरवायच्या. पार्किंगात तिचा पाय पडून लई दिस झाले."

"गच्चीत औषध?"

"तिथं उंदीर कशाला मरायला जातील?"

आप्पासाहेबांचं बोलणं उद्धट होतं, पण खरं वाटत होतं. रस्त्यावर आल्यावर शेफाली म्हणाली, "मॅडम, खाली आली नाही, गच्चीत काही नाही. मग..."

"मग घर उरलं," प्रेमलाबाई म्हणाल्या. "तूच म्हणालीस ना, चौथा मजला. आणि घरात माणसं तीनच."

५

दार राजनंदिनीने उघडलं. अभिनवची बायको, तीही कंपनीत नोकरी करणारी, तिशीच्या आतली. रेवडी तिने लग्नाआधी नागपुरात पाळली होती आणि मांडीवर घेऊन पुण्याला आणली होती. शेफालीला बघताच तिने दार पुन्हा लोटायला घेतलं.

"राजनंदिनी, मी प्रेमला जगताप. मघाशी तुझ्या नवऱ्याने मला रेवडीला उघडायची परवानगी दिली. ती ऑपरेशनने गेली नाही. तिला विषबाधा झाली होती. ऑपरेशन झालं नसतं तरी ती फार दिवस राहिली नसती. ऐकायचं असेल तर आत घे."

राजनंदिनी बाजूला झाली. अभिनव ऑफिसात गेला होता. खिडकीशी आरामखुर्चीत तिचे सासरे बद्रीनाथ बसले होते. धोतर, वर स्वेटर, हातात अडकित्ता. वाशीमकडची शेती भावाच्या हवाली करून, बायको गेल्यावर ते मुलाकडे आले होते.

"या बाई," ते म्हणाले आणि उठू लागले. दोन पावलांत त्यांना धाप लागली, म्हणून पुन्हा बसले.

"घरात उंदराचं औषध?" प्रेमलाबाईंनी राजनंदिनीला विचारलं.

"नाही. कधीच नव्हतं."

"रेवडीला खायला कोण घालायचं?"

"मीच. पण माझ्या हातचं तिने हल्ली सोडलं होतं. डॉग फूड तर बघायचीसुद्धा नाही. बाबा जेवायला बसले की त्यांच्या पायाशी. त्यांच्या हातचा पोळीचा तुकडा मिळाला की खूश. ऑपरेशनच्या दिवशी घरी आल्यावरही तिने तेवढाच खाल्ला."

बद्रीनाथांच्या अडकित्त्याचा आवाज मध्येच थांबला. सुपारीऐवजी पातं बोटावर बसलं होतं. रक्ताचा टपोरा थेंब आला. त्यांनी बोट तोंडात घातलं, धोतराच्या सोग्याला पुसलं आणि पुन्हा सुपारी धरली. शेफाली कापूस शोधायला उठली, तर त्यांनी हातानेच नको म्हणून सांगितलं.

"तुमच्या घरात औषधं कुठली आहेत?" प्रेमलाबाई राजनंदिनीला विचारत होत्या, पण बघत होत्या त्या म्हाताऱ्याच्या बोटाकडे.

"माझ्या कॅल्शियमच्या गोळ्या. आणि बाबांच्या. नागपूरला त्यांच्या हृदयाची झडप बदलली ना, कृत्रिम बसवलीये. तिच्यावर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी रोज लागते. पण रेवडीला ती सापडणं शक्य नाही. वरच्या कपाटात असते, आणि एकही कमी झालेली नाही. मी स्वतः रोज जेवताना त्यांच्या हातावर ठेवते आणि समोर उभी राहते."

"समोर का उभी राहतेस?"

राजनंदिनी जरा ओशाळली. "मागे जास्वंदाच्या कुंडीत एक गोळी सापडली होती. बाबा म्हणाले हातातून पडली. पण तेव्हापासून मी थांबते. त्यांनी तोंडात टाकून पाणी प्यायल्याशिवाय हलत नाही."

मग ती कुणी न विचारताच म्हणाली, "घर फार शांत झालंय हो. फरशीवर तिच्या नखांचा आवाज असायचा. आणि बाबांच्या त्या झडपेची टिकटिक. आधी बाजूच्या खोलीतसुद्धा ऐकू यायची, अभिनव चेष्टा करायचा. हल्ली तीही येत नाही. सवय झाली असेल कानांना."

प्रेमलाबाई ताडकन उठल्या.

६

"राजनंदिनी, आम्हाला चहा टाकतेस?" त्या म्हणाल्या. ती आत गेल्यावर त्यांनी खुर्ची बद्रीनाथांच्या अगदी जवळ ओढली आणि त्यांचा हात हातात घेतला. बोटावरची चीर केव्हाच सुकली होती.

"शेफाली, बघ. रक्त पातळ ठेवायची गोळी रोज घेणाऱ्या माणसाचं हे बोट. वाहत राहायला हवं होतं. चटकन थांबलं." त्यांचा आवाज हळू होता. "ज्यांचं रक्त गोठायला नको, त्यांचं गोठतंय. आणि जिचं गोठायला हवं होतं, तिचं गोठलं नाही. गोळी एकच होती, फक्त पोट बदललं. उंदराच्या औषधाची आणि हिची जात एक. कपाटातून एकही गोळी कमी नाही, कारण प्रत्येक गोळी ठरल्या वेळी यांच्या हातात पडत होती."

त्या बद्रीनाथांकडे वळल्या. "गोळी गालात धरायचात ना तुम्ही?"

म्हाताऱ्याने मान वळवून खिडकीबाहेर बघितलं. समोर नव्या इमारतीच्या परांच्या बांधत होते.

"कुंडीतली सापडली," तो म्हणाला. "मंग काय करू. सूनबाई समोर उभी. जिभेखाली ठेवाची, अन् ती वळली का घासात दाबून पोरीले, रेवडीले, देऊन द्याची. ती पायाशीच राहे."

"काहून?" का विचारताना शेफालीच्या तोंडून त्यांच्याच बोलीतला शब्द निघाला.

"एक डाव न्हाणीत नाकातून लय रक्त आलं. कोणाले सांगतलं नाही. मले वाटलं, ही गोळीच मले मारते. अंगावर जिथं तिथं निळं होये. पालेभाजी खाऊ नका म्हणत. अंबाडीची भाजी खाऊन जमाना झाला." त्यांनी मोकळ्या हाताने अडकित्ता बाजूला ठेवला. "पोरीचं वाईट होईन, असं नाही वाटलं बाई. हृदयाची गोळी हाय म्हणत. म्हटलं, एवढुसं तिचं हृदय, झाली तर ताकदच होईन. ते ऑपरेशन झालं तवाही देल्ली. पोरगी गेल्यावर मले समजलं, पण तोंड उघडत नव्हतं."

शेफालीला त्यांचा राग यायला हवा होता. या माणसामुळे तिचं नाव धुळीला मिळालं होतं. पण तिला ऐकू येत होता तो त्यांचा श्वास. वाक्याच्या मधोमध तुटणारा.

प्रेमलाबाईंनी त्यांच्या छातीशी कान नेला आणि लगेच मागे घेतला. "आवाज दबलाय. त्या झडपेवर काहीतरी साचतंय. मी जनावरांची डॉक्टर आहे, तरी एवढं कळतं की हे आज दवाखान्यात पोचायला हवेत. शेफाली, अ‍ॅम्ब्युलन्स बोलव."

बद्रीनाथांनी त्यांचा हात घट्ट धरला. "सूनबाईले सांगू नका. गोळ्या बंद केल्या, ते सांगा. पोरीचं नका सांगू. लगनाच्या आंगुदरपासून सांभाळली तिनं."

"गोळ्यांचं तिथल्या डॉक्टरांना सांगावंच लागेल," प्रेमलाबाई म्हणाल्या. "कुत्रीचं सांगायचं की नाही, ते मी ठरवणार नाही. नाव हिचं गेलंय. हीच ठरवेल."

आतून चहाच्या भांड्यांचा आवाज येत होता. शेफाली फोन कानाला लावून उभी होती. म्हातारा जगला नाही तर ही गोष्ट त्याच्याबरोबरच जाणार होती. सोसायटीने तिच्याबद्दल जे ठरवलं होतं तेच मग कायम राहणार होतं.

"ते स्वतः सांगतील," ती म्हणाली. "बरे झाल्यावर."

७

झडपेवर गुठळी धरली होतीच. आणखी थोडे दिवस गेले असते तर एक तर झडप अडकली असती किंवा गुठळीचा तुकडा मेंदूकडे गेला असता, असं हृदयाच्या डॉक्टरांनी सांगितलं. शिरेतून औषध देऊन त्यांनी ती विरघळवली. अतिदक्षता विभागातून बद्रीनाथ साध्या खोलीत आले, तोपर्यंत महिनाअखेर तोंडावर आली होती.

मधल्या काळात विश्वजीत आप्पासाहेबांकडे स्वतः जाऊन आला. गाठी शाबूत होत्या, न बघता बोललो ती चूक माझी, आणि गाळा मला नको, एवढं सांगून परतला. आप्पासाहेबांनी शेफालीला निरोप पाठवला, "ऱ्हावा." एवढाच. पण दवाखान्यात लहान कुत्री घेऊन कुणी फिरकत नव्हतं. विष कुणी घातलं, हा प्रश्न सोसायटीत जिन्याजिन्यात फिरत होता, आणि काहीजण तेही शेफालीच्याच औषधांवर ढकलत होते. अभिनवची तक्रार तशीच होती. कौन्सिलचं पत्र कधीही आलं असतं. शेफाली दवाखाना उघडत होती, बंद करत होती, आणि कुणाशी काही बोलत नव्हती.

तिला बद्रीनाथांच्या हॉस्पिटलात बोलावलं ते राजनंदिनीने. "बाबा म्हणतात, तुम्ही समोर हव्यात. का ते सांगत नाहीत."

शेफाली गेली तेव्हा अभिनव खिडकीला टेकून उभा होता. राजनंदिनी खाटेशेजारी बसून मोसंबं सोलत होती. बद्रीनाथ उशीला टेकून बसले होते. दाढी केलेली, चेहरा लहान झालेला. खोली शांत होती आणि त्या शांततेत त्यांच्या छातीतली झडप स्वच्छ वाजत होती.

"सूनबाई, ते राहू दे," ते म्हणाले. "इकडे पाह्य."

मग त्यांनी सांगितलं. कुंडीपासून सुरुवात केली आणि काही वगळलं नाही. नाकातलं रक्त, जिभेखालची गोळी, पोळीचा घास. ऑपरेशन करून घरी आली तेव्हा रेवडीने डोकं त्यांच्या पावलावर ठेवलं होतं, आणि त्यांनी तेव्हाही तिला तो घास दिला होता, हेही सांगितलं. "या डॉक्टरबाईचा काही दोष नव्हता. तिले त्याच दिवशी समजलं होतं. माझ्यासाठी चूप राह्यली."

अभिनव शेफालीकडे बघत राहिला. मग तो खोलीबाहेर गेला, आणि तक्रार मागे घेण्याबद्दल कुणाशी तरी बोलताना त्याचा आवाज जिन्यातून आत आला.

राजनंदिनीच्या हातातलं मोसंबं अर्धवट सोललेलं राहिलं होतं. ती उठली, खिडकीपर्यंत गेली, तिथे पाठमोरी उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. शेफालीला वाटलं आपण आता निघावं, पण म्हाताऱ्याने नजरेनेच तिला थांबवलं. एकट्याला सोडू नका, असं त्यांचे डोळे म्हणत होते.

मग राजनंदिनी परत येऊन खुर्चीत बसली. डोळे लाल, आवाज मात्र ताळ्यावर.

"गोळी नको होती, तर मला सांगायचं होतं, बाबा."

"तू ऐकलं असतं?"

तिने खरंच विचार केला. "नसतं ऐकलं," ती म्हणाली. "पण भांडलो तरी असतो."